दुसरा रिमोट

दिवाळीत भाऊ पुण्याहून कुरखेड्याला आला की ओसरीत त्याची जुनी मित्रमंडळी जमते आणि कुठला व्हिडिओ गेम जास्त ताकदवान यावर तावातावानं बोलत बसते. कानशिलं पांढरी झालेली माणसं ही. कुणाचा प्रोसेसर भारी, कुठल्या गेममध्ये पाण्यात सावली खरी पडते, नवीन मशीन घ्यायचं की आणखी थांबायचं. मी चहा नेऊन देते. या बाईनंही कधीकाळी रिमोट धरला असेल, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

मी धरला होता, आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांपेक्षा बरा धरला होता.

आमचा पहिला व्हिडिओ गेम बाबांनी वडशाहून आणला. धान विकायला गेले होते, येताना बाजारातल्या फुटपाथवरून उचललं ते खोकं. हलकंफुलकं प्लास्टिक, वर कॅसेट खोचायची. दोन रिमोट, आणि त्यांच्या वायरी थेट खोक्याच्या पोटातून निघालेल्या. काढून ठेवतो म्हटलं तरी निघायच्या नाहीत. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. त्यात रणगाडे म्हणजे चार चौकोन, झुडूप म्हणजे करडे ठिपके. लाइट गेली की बाबांच्या मागे लागून ट्रॅक्टरची बॅटरी आणायचो, तिच्यावरही ते बिचारं चालायचं.

आमचा आवडता गेम रणगाड्यांचाच. खाली विटांच्या भिंतीत आपला किल्ला, वरून शत्रू येणार. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तो सुसाट वर जायचा. मला म्हणायचा, "तू घर सांभाळ." तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याचे जीव संपले की तो माझ्यातला एक घ्यायचा, गेममध्ये तशी सोयच होती. मीही देऊन टाकायची. मी नसले तर किल्ला पडतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आधी तो मला हाका मारायचा. गेमचं मला फारसं वेड नव्हतं. त्या हाकांचं होतं.

मामा चंद्रपूरला कोळसा खाणीत होते. भाचा दहावीत चांगल्या मार्कांनी पास झाला तर नवा व्हिडिओ गेम घेऊन देईन, असं बोलून बसले होते, आणि त्यांनी शब्द पाळला. तोवर घरात कलर टीव्हीही आला होता. काळं, जड, गुळगुळीत मशीन. सुरू केलं तेव्हा गल्लीतली माणसं दारात उभी. गेममधल्या माणसाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मीही तोंड उघडं टाकून पाहत होते, खोटं कशाला बोलू. मग मी खोक्यातलं थर्माकोल काढलं, खालचा पुठ्ठा काढला. रिमोट एकच होता.

"मामा, दुसरा कुठी हाये?"

"तो अलग घ्या लागते, बाई."

"तुले काऊन पायजे?" आई म्हणाली.

इतकं महागाचं, इतकं ताकदीचं मशीन, आणि त्याच्यापुढे जागा एकाच माणसाला. सुरुवातीला मी मागे बसून सांगायची, "दादा, पाय, मांगून येऊन राह्यला." तो म्हणायचा, "गप न." पुढे तो खोलीचं दार लावून घ्यायला लागला, मित्र आले तरच उघडायचा. लोडशेडिंगमध्ये मशीन मुकाट पडायचं. आमच्याच जिल्ह्याशेजारी एवढी वीज तयार होते आणि आम्ही अंधारात, म्हणून सगळं घर चरफडायचं. मी एकटीच खूश असायची. एकदा मी जुना टीव्ही, जुनं खोकं आणि बॅटरी पुढे आणून ठेवली. तो म्हणाला, "ते लेकराइचं हाये." मग अंधारात नुसता बसून राहिला.

पुढच्या चैत्रात मी शेजारच्या काकूबरोबर पहाटे मोहफुलं वेचायला जाऊ लागले. कंबर दुखायची, हातांना गोडसर आंबूस वास राहायचा. अंगणात वाळवून फुलं बाजारात घातली. आईला वाटलं पोरीला बांगड्या हव्या असतील. मे महिन्यात मामांकडे चंद्रपूरला गेलो तेव्हा मामांना सोबत नेऊन मी दुसरा रिमोट घेतला. परतीच्या एसटीत आईनं तो पिशवीत टाक म्हणून सांगितलं. मी मांडीवरच ठेवला, मूल गाव गेलं, गडचिरोली गेली, आरमोरी गेली, तरी तसाच.

भावानं तो लावला. त्याच्यावरचा बारीक लाल दिवा लागला. मी बटणं दाबली, काहीच हललं नाही.

"हा एकट्याचाच गेम हाये," तो म्हणाला.

"दुसरा लाव न मंग."

त्यानं सीडीची चवड चाळली. सगळे एकट्याचेच. दोघांचे गेम मिळत नव्हते असं नाही, त्यानं आणले नव्हते. "पुढच्या टायमाले पाहू," म्हणाला आणि माझा रिमोट काढून माझ्या हातात दिला. पुढच्या वेळी तो चंद्रपूरहून तीन सीड्या घेऊन आला. मी प्रत्येकीची मागची बाजू वाचली, तिन्हींवर खेळाडू एकच, आणि मग विचारणं सोडलं.

त्या पावसाळ्यात त्याच्या रिमोटचं बटण चिकटून बसलं. तो माझ्या खोलीत आला, माझी पेटी उघडली, माझा रिमोट घेतला. "बरं झालं तू घेऊन ठेवला होता," म्हणाला. त्याच्यावर त्यानं एक मोठा गेम शेवटपर्यंत संपवला आणि घरभर उड्या मारल्या. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की मी जेवले नाही. का जेवली नाहीस, हेही कोणी विचारलं नाही.

कॉलेजसाठी पुण्याला निघाला तेव्हा त्यानं मशीन दोन चादरींत गुंडाळून बॅगेत भरलं, माझ्या रिमोटसकट. मग माळ्यावर चढून जुनं खोकं खाली काढलं, शर्टाच्या बाहीनं त्याच्यावरची धूळ पुसली आणि माझ्यासमोर ठेवलं. अगदी मनापासून ठेवलं, हे मी आजही नाकारत नाही.

"हे ठेव तुले," तो म्हणाला, "याले दोन रिमोट हायेत."

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. कोणासंगं खेळू, हे मी त्याला विचारलं नाही.