ताटाजवळ पाणी नव्हतं

नजर लागणं, करणी, अंगात येणं... आमच्या चाळीत या गोष्टी रोजच्या आहेत. कुणाचं पोर जरा किरकिरलं की शेजारच्या बायका मीठ-मोहऱ्या घेऊन उतरवायला हजर. मी त्यात कधी पडले नाही. श्रेया माझी मुलगी, चौथीत आहे, तिच्यावरून मी एकदाही काही ओवाळून टाकलं नाही. ताप आला तर डॉक्टरकडे न्यायचं, एवढंच मला माहीत. आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल, ही बाई असल्या गोष्टींच्या नादी लागलेली असणार.

मोबाईलवर एका ग्रुपमध्ये लोक आपापले असे अनुभव लिहितात. दुपारी हातातलं काम संपलं की मी ते वाचते. स्वतः कधी लिहिलं नाही. हेसुद्धा तिथे टाकेन असं वाटत नाही. पण आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये राहतो. आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत आहेत. मी घरीच जीन्सचे धागे कापते, कारखान्यातून गठ्ठे येतात. घरात सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते. आणि दिनू. माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दुसरीत होता, हाफ चड्डी, नाक पुसायचं कळत नव्हतं. त्याचा डबा, त्याची बटणं, त्याच्या शाळेत बोलावलं की जाणं... सगळं माझ्याकडे. मोठा होऊन त्याने शेअर रिक्षा घेतली. रात्री घरी आला की दारातूनच ओरडायचा, "वहिनी, तांब्याभर पाणी दे, जीव चाललाय!" माठातलंच लागायचं. फ्रीजचं पाणी म्हणजे त्याच्या मते पाणीच नाही.

मागच्या वर्षी पावसाळा संपताना त्याच्या पोटात दुखायला लागलं. गॅस असेल म्हणून दोन दिवस काढले. मग हॉस्पिटल. आतडं फुटलंय म्हणाले, लगेच ऑपरेशन. तोंडाने काही द्यायचं नाही. आई आणि मी त्याच्याजवळ बसलो होतो आणि तो सारखं एकच मागत होता. "आई, घोटभर. वहिनी, तू तरी दे ना." नर्सबाई म्हणाल्या, "आजी, अजिबात नाही हां, कापसाने ओठ ओले करा फक्त." त्यांचं बरोबरच होतं. आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "ऑपरेशन झालं की देते राजा. पोटभर देते."

तो बाहेर आला नाही.

घरी आणल्यावर त्याच्या तोंडात गंगाजल घातलं, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून बसल्या. "आता घालून काय करता," एवढंच म्हणाल्या. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. मडकं फोडतात तो दगड, जीवखडा, त्याच्यात माणूस आहे असं धरून दहाव्यापर्यंत त्याला पाणी घालतात, ते ह्यांनी घातलं. आईंना ते बघायलाही मिळालं नाही. दहाव्याला कावळा शिवायला फार वेळ लागला म्हणे. जवळच्या नाल्यात सोडायचं ह्यांच्या मनाला येईना, म्हणून जीवखडा बदलापूरला नेऊन तिथल्या घाटावर उल्हास नदीत सोडला.

त्यानंतर आईंनी पाणी पिणं सोडलं. उपास वगैरे काही नाही, तसं त्या कधी बोलल्याही नाहीत. जेवायच्या, चहा अर्धा कप घ्यायच्या. पण पाण्याचं भांडं ओठाला लावून खाली ठेवायच्या. "तहान नाही गं." किती सांगितलं, ह्यांनी हात जोडले, एकदा ओरडलेही. दोनदा सलाईन लावून आणलं. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, मूत्रपिंडं खराब व्हायला लागलीत, असंच चाललं तर आई फार दिवस काढणार नाहीत. मी बाटली घेऊन त्यांच्या मागे मागे फिरायचे. मला त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं. मला माहीत होतं ना, त्या कुठे अडकल्यात ते.

एप्रिलमध्ये बदलापूरजवळ शिरगावला ह्यांच्या मित्राच्या नव्या फ्लॅटची पूजा होती. दिनूची रिक्षा आम्ही विकलेली नाही, रविवारी हे चालवतात. आईंना घरी एकटं ठेवायला नको म्हणून चौघंही निघालो. पूजा, जेवण झालं. श्रेयाने कुठल्यातरी रीलमध्ये कर्जत रोडवरचा डायनासोर बघितला होता, तिने हट्ट धरला. म्हणून बदलापूरच्या पुढे गेलो.

नर्सरीला लागून, रस्त्याच्या कडेलाच ती जागा आहे. वर हिरवी जाळी बांधलेली. पुढे सिमेंटचा डायनासोर, पोपटी रंगाचा, शेपूट मोडलेली म्हणून तिथे ड्रेनेजचा पाईप जोडून रंगवलेला. पाटीवर लिहिलंय: 'करोडो वर्षांचे दगड. बघायला फुकट. हात लावा, चावत नाहीत.' मालक म्हणजे एक रिटायर झालेले काका, डोक्यावर कापडी टोपी.

"काय आजी, दमलात? बसा या दगडावर. तुमच्यापेक्षा थोडासाच मोठा आहे."

आई ह्यांना म्हणाल्या, "दगडं दाखवायला आणलंस होय रे प्रकाश मला? आपल्या गल्लीत काय कमी पडलेत?"

काका एवढे खूश झाले! "आजी, गल्लीतल्या दगडाला पोट नसतं. हे बघा." विहिरी खणताना खडकाच्या पोटातून निघालेले पांढरे, गुलाबी स्फटिक होते. एक झाडाचा बुंधा होता, साल सालीसारखीच, पण पूर्ण दगड. एक गोल वेटोळ्याचा शिंपला, तोही दगड. श्रेया म्हणाली, "हा जिवंत होता?" काका म्हणाले, "होता तर. समुद्रात पोहायचा. मग चिखलात रुतला, आणि चिखलाने त्याला सोडलंच नाही." मला ते ऐकवेना. मी पुढे सरकले.

पुढे टेबलावर त्यांची सगळ्यात गंमतशीर वस्तू होती, दगडांचं ताट. स्टीलचं खरं ताट, त्यात सगळं दगडाचं. बारीक पांढऱ्या खड्यांचा भात. पिवळ्या दगडाचं वरण. पातळ चिपेचा पापड, लिंबाची फोड, बर्फी. आणि कडेला एक काळा, गोटीव दगड, त्याचं नाव काळा गुलाबजाम. ह्यांनी श्रेयाला डायनासोरकडे फोटो काढायला नेलं होतं, ती पळत परत आली आणि पापडाला हात लावून हसायला लागली.

आई मात्र ताटाकडे बघत उभ्या राहिल्या.

"पाणी कुठाय?"

काकांना कळलं नाही. "प्यायला पाहिजे? माठ आहे तिकडे."

"ताट वाढलंय आणि जवळ पाण्याचं भांडं नाही?"

"अहो आजी," काका हसले, "दगडांना कसली तहान!"

माझ्या खांद्याच्या पिशवीतून आईंनी बाटली काढली. मला वाटलं, पितात की काय! त्यांनी झाकण काढलं आणि त्या काळ्या दगडावर बाटली हळूच वाकडी केली. बाळाच्या तोंडात घालतात तशी, बारीक धार.

मी घाईने पदराचं टोक ताटाखाली धरायला गेले, टेबलावरचं कापड भिजेल म्हणून. पाणी खाली आलंच नाही.

"मम्मी, पाणी कुठे जातंय?" श्रेया म्हणाली.

धार दगडावर पडत होती. तिथेच संपत होती. ताटात धूळ होती ना, भाताच्या खड्यांभोवती, ती धूळ जशीच्या तशी कोरडी. आवाजही नव्हता. तव्यावर पाणी पडलं की चुरचुरतं, तसं काही नाही. पाणी पडत होतं आणि दगड घेत होता.

काका जवळ आले. "थांबा, थांबा आजी. ताटाला भोक असेल." त्यांनी ताट उचलून खालून बघितलं. दगड उचलून उलटा केला, नखाने टिचकी मारली. "भरीव आहे हो हा. काळा पाषाण. थेंब नाही पीत." मग दगड परत ताटात ठेवला, माठावरचा ग्लास भरून आणला आणि स्वतः ओतला. पाणी दगडावरून घसरलं, ताटभर झालं, कडेवरून टेबलावर सांडलं. माझ्या पायावर उडालं. "बघा!" ते म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता.

आईंनी परत धार धरली. परत तेच. दगडावरून एक थेंब खाली आला नाही.

मग बाटली माझ्याकडे दिली. "तू पण घाल, रंजना."

चार माणसांत पुढे व्हायचं म्हटलं की मला कसंतरी होतं. पण मी घातलं. आईंसारखी बारीक धार जमली नाही, थोडं ताटात सांडलंही. पण दगडावर पडलं तेवढं त्याने घेतलं. मी डोळ्यांनी बघितलं. आई वाकून त्या दगडाशी बोलत होत्या, अगदी हळू. "घे. अजून घे. आता कोण नाही म्हणत नाही तुला."

हे केव्हा मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काका, हा दगड कुठून आणला?"

"नदीवरून. काठचं पाणी उतरलं की सकाळी फिरतो मी. गोल, गुळगुळीत दिसला..."

"नदीवर कुठे?"

काकांनी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. टोपी काढली. "घाटाच्या खालच्या अंगाला," ते म्हणाले. मग म्हणाले, "अहो... मी दगड म्हणून उचलला हो. देवाशपथ. मला सगळे दगडच दिसतात."

रस्त्यावरून एक डंपर गेला, त्याचा धुरळा आत आला. आईंनी परत धार धरली, आणि या वेळी पाणी दगडावरून ओघळलं. साध्या दगडावरून ओघळतं तसं. आईंनी बाटली लगेच सरळ केली. "झालं. भरलं पोट."

आणि उरलेलं पाणी त्या प्यायल्या. उभ्या उभ्या, बाटली तोंडाला लावून. घटाघटा. गळ्याची शीर हलताना दिसत होती. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं तरी थांबल्या नाहीत. हे तिथेच खाली बसले आणि तोंडावर हात धरून रडायला लागले. त्यांना मी दिनूच्या वेळीही तसं रडताना बघितलं नव्हतं.

काकांनी दगड आपल्या रुमालात घेतला. ह्यांना हात लावायचं धाडस होईना. काका रिक्षात पुढे ह्यांच्या बाजूला बसले, आम्ही नदीवर गेलो, आणि त्यांनीच पाण्यात गुडघाभर जाऊन तो सोडला. हात जोडले. "माफ करा," म्हणाले. कुणाला म्हणाले, त्यांनाही माहीत नसेल.

त्यानंतर आई पाणी पितात. आपणहून मागतात. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं पूर्वीसारखी होणार नाहीत, पण चाललंय तसं चालू द्या. मी एकदा विचारलं, "आई, तो दिनू होता का?" त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "ज्याला तहान असेल त्याला द्यावं, विचारत बसू नये."

काकांचा मात्र ह्यांना दोन-तीनदा फोन आला. नदीवरचे तसलेच काळे दगड आणून त्यांनी पाणी घालून बघितलं, रात्रभर भिजत ठेवून बघितलं. एकानेही घेतलं नाही. आधी म्हणाले, उन्हाने तापला असेल, वाफ झाली असेल. मग स्वतःच म्हणाले, पण मी घातलेलं का नाही झालं वाफ? वर जाळी होती, सावली होती. शेवटच्या फोनवर म्हणाले, ते ताट मी काढून टाकलं.

त्या घाटावर रोज कुणाचा ना कुणाचा दगड सोडतात, हे मलाही कळतं. पण दुपारी हे आठवलं की धागे कापता कापता माझी कात्री थांबते. तो दिनूच असेल, तर इतके महिने पाण्यात राहून तो तहानलेलाच होता. हे मला सहन होत नाही. आणि तो दिनू नसेल, तर ते दुसऱ्या कुणाचं लेकरू होतं. त्याची आई कुठेतरी भांडं ओठाला लावून खाली ठेवत असेल, आणि त्याचं पोट भरलंय, हे तिला सांगायला कुणी नाही.