बॅग कोणी भरली?

"बॅग तुम्ही स्वतः भरलीय का?" मी विचारलं.

"छे गं! मी कशाला भरू?" दामलेबाई म्हणाल्या. "पाटणकरवहिनींनी भरली. त्यांचा हात बसलाय. एवढ्याशा बॅगेत अख्खं बिऱ्हाड बसवतात."

मी डोळे मिटले. कारण माझे बॉस परेरासाहेब बरोबर माझ्या मागे उभे होते.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. सहार एअरपोर्टवर मी एका परदेशी एअरलाइनच्या सिक्युरिटीत होते. त्याआधीच्या काही वर्षांत सामानातून बॉम्ब पाठवून विमानं पाडल्याचे प्रकार झालेले, म्हणून आमच्या एअरलाइनने नवीन नियम काढलेला. चेक-इनच्या आधी प्रत्येक पॅसेंजरला तीन प्रश्न विचारायचे. बॅग स्वतः भरली का? भरल्यापासून तुमच्याच नजरेसमोर होती का? दुसऱ्या कोणी काही न्यायला दिलंय का? "हो, हो, नाही" असं उत्तर आलं की मी बॅगेला स्टिकर लावायचे. एक जरी उत्तर उलटं आलं की हँड सर्च, म्हणजे बॅग रिकामी करून एकेक वस्तू हाताने तपासायची. तरी शंका राहिली तर ऑफलोड. म्हणजे विमान जातं आणि तुम्ही राहता.

खरं सांगू? ह्या प्रश्नांनी बॉम्बवाला कसा सापडणार, हे मला कधीच कळलं नाही. तो काय "हो ताई, एका अनोळखी इसमाने दिलीय" म्हणून सांगणारे? पण पगार प्रश्न विचारायचा मिळायचा, मी विचारायचे. लोकही फटाफट "हो, हो, नाही" म्हणून पुढे सटकायचे.

दामलेबाई सटकणाऱ्यातल्या नव्हत्या. आमच्याच डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या, तळमजल्यावर राहायच्या. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलेलं. मुलीचं पहिलंच बाळंतपण, तेही न्यूजर्सीला, आणि तारीख अगदी तोंडावर आलेली. आमच्या पुढच्या सगळ्या फ्लाइट्स फुल होत्या. ही चुकली तर बाई पोचायच्या आधी बाळ पोचलं असतं.

म्हणून मी आवाज उतरवून म्हटलं, "बाई, नीट आठवा हं. बॅग तुम्हीच भरलीत. हो ना?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मेधा, तू मला खोटं बोलायला सांगतेयस?"

"खोटं नाही हो बाई, जरा..."

"जरा काय?"

परेरासाहेब पुढे झाले. साहेब ठाण्याचे, मराठी आपल्यासारखंच बोलायचे. माणूस देवभोळा, पण नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाला सोडणार नाही असा. "मॅडम, कोणी पार्सल वगैरे दिलंय का तुमच्याकडे?"

"कोणी म्हणजे? सगळ्यांनीच दिलंय की!"

आता ह्यात बाईंचं काही चुकलेलं नव्हतं. त्या काळात आमच्याकडे कोणी अमेरिकेला निघालं अशी बातमी फुटायचा अवकाश, दारात पुड्या घेऊन माणसं उभी. प्रत्येक मजल्यावर कोणाचा ना कोणाचा मुलगा तिकडे गेलेला. पोस्टाने पाठवायचं तर मालापेक्षा टपाल महाग. मग "एवढंसंच आहे हो" म्हणत चांगलं शेरभर वजन हातात ठेवायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की जन्माचं वैर.

"पार्सलं उघडून बघितलीत?" साहेबांनी विचारलं.

"दुसऱ्याचं पार्सल उघडून बघायचं? आमच्यात तशी रीत नाही."

"हँड सर्च," साहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले.

बाईंना सोडायला अर्धी बिल्डिंग मेटॅडोर करून आलेली. ती सगळी बाहेर, काचेला नाक लावून उभी. पुढच्या रांगेत पाटणकरवहिनी, नेने आणि माझ्या सासूबाई. मी बॅग टेबलावर उपडी केली तशी काचेपलीकडे एकदम चुळबुळ सुरू झाली.

पहिली पुडी. आत काळे, चिकट खडे.

"हे काय?" साहेब.

"मलाही आत्ताच कळतंय," बाई वाकून बघत म्हणाल्या. "हिराबोळ दिसतोय. बाळंतिणीला देतात. वास घ्या, कळेल."

साहेबांनी वास घेतला आणि तोंड कसनुसं केलं. दुसऱ्या पुडीत राखाडी भुकटी. तो अंगारा निघाला. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जड गोल दगड.

"सहाण," बाई म्हणाल्या. "बाळाला गुटी उगाळून द्यायला."

"मॅडम, अमेरिकेत दगड मिळत नाहीत काय?"

"दगड मिळतील. सहाण मिळत नाही."

त्याच्याखाली एक लहानशी लोखंडी शेगडी. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायला नेन्यांनी दिलेली. नेने माणूस व्यवस्थित. शेगडीबरोबर कोळशाची पिशवीही दिलेली. आणि कोळशावर, ऐन वेळी कुठे शोधत बसायचं म्हणून, काड्यापेटी.

साहेबांनी काड्यापेटी दोन बोटांत धरून वर केली. काचेपलीकडून नेन्यांनी हातवारे करून ती कशाला आहे ते समजावून सांगायला सुरुवात केली. मला हसू येत होतं आणि रडूही. काउंटर बंद व्हायला आलेला.

शेवटी एक कापडात शिवलेलं पार्सल निघालं. कापड बघितलं आणि माझे हातच थांबले. माझ्या जुन्या परकराचं कापड होतं ते. मी शिवण उसवली. आत पिवळी पूड.

"आणि ही?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"ते हिलाच विचारा. हिच्याच घरून आलंय."

साहेबांनी माझ्याकडे इतक्या सावकाश मान वळवली की मी तेवढ्यात मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला.

"मी नाही दिलं, साहेब! सासूबाईंनी दिलं असेल. माझा दीर असतो तिकडे. मेतकूट आहे ते. भातावर घेतात."

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर देऊ दिलं असतं का?"

"हिला बिचारीला नव्हतं हो माहीत," बाई मध्ये पडल्या. मला जरा बरं वाटलं, तोच पुढे म्हणाल्या, "हिच्या सासूबाईच सगळ्यांना सांगत होत्या, द्या बिनधास्त, आमची सून आहे तिथे, कोण अडवतंय!"

मी काचेकडे पाहिलं. सासूबाई हसून हात हलवत होत्या. अस्सा राग आला मला!

साहेबांनी एक मोठा श्वास घेतला. "मॅडम, ह्यातल्या कुठल्या वस्तूची तुम्ही खात्री देता? तेवढं सांगा."

"वस्तूंची कशी देऊ? माणसांची देते. पाटणकरवहिनी, नेने, हिची सासू, सगळ्यांना मी वर्षानुवर्षं ओळखते. सोन्यासारखी माणसं आहेत."

"असतील मॅडम. पण माणसं कुठे विमानात चढतायत? वस्तू चढतायत."

मला वाटलं, आता ह्या भांडणार आणि विमान जाणार. पण बाई गणिताच्या. समोरच्याची रीत बरोबर असेल तर मार्क द्यायच्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला आणि एअरपोर्टच्या त्या चकचकीत फरशीवर चक्क मांडी घातली. स्वतःची लुगडी घेतली, स्वतः शिवलेली दुपटी-कुंच्या घेतल्या, औषधं घेतली. बाकी सगळं माझ्याकडे सरकवलं. बॅग बंद करून उठल्या.

"हं, विचार आता."

"बॅग कोणी भरली?"

"मी."

"नजरेसमोर होती?"

"माझ्याही आणि तुझ्याही."

"कोणी काही न्यायला दिलंय?"

"दिलं होतं. परत केलं."

मी स्टिकर लावला. साहेबांनी स्वतः त्यांची बॅग उचलून काउंटरवर नेली. बाई विमानात चढल्या, वेळेत पोचल्या, आणि दोनच दिवसांत नात झाली.

बाकीचं सामान ट्रॉलीवर घालून मला बाहेर जावं लागलं. नेन्यांनी कोळसे मोजून घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. पाटणकरवहिनी माझ्याशी पुढे कित्येक दिवस बोलल्या नाहीत. सासूबाई घरी पोचेपर्यंत एकच वाक्य बोलत होत्या, "चिमूटभर मेतकुटाने विमान पडतं होय गं?"

सहा महिन्यांनी बाई परत आल्या. सगळी बिल्डिंग तळमजल्यावर जमली. नातीचे फोटो बघून झाले, कौतुक करून झालं, तरी कोणी हलेना. मुलांनी तिकडून बाईंबरोबर सामान देणार असल्याची पत्रं आधीच येऊन पोचलेली. नेन्यांना घड्याळ, वहिनींना नॉनस्टिकचा तवा. माझ्या दिराने तर माझ्यासाठी कॅमेरा घेतलेला. मी वर्षभर त्याच्या मागे लागलेले.

"ती पार्सलं होय?" बाई म्हणाल्या. "आणलीच होती सगळ्यांनी. मी घेतली नाहीत. बॅग स्वतः भरली, आपलं आपलं सामान घेतलं, आले."

नेन्यांनी रिकामं मनगट चोळलं.

"अहो बाई, कॅमेरा तेवढा तरी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मेधा, कॅमेऱ्याच्या आत काय आहे, ते मला काय माहीत?"

सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघत होती. सासूबाई तर अशा बघत होत्या की मी सरळ जिना चढून घरी आले.

पुढे बरीच वर्षं मी ती नोकरी केली, लाखभर बॅगांना तरी स्टिकर लावले असतील. त्यातून एवढंच शिकले. सिक्युरिटी कडक पाहिजे ह्यावर सगळ्यांचं एकमत असतं, फक्त ती दुसऱ्याच्या बॅगेपुरती. सगळ्यांमध्ये मीही आले. कॅमेरा शेवटी मी मुंबईतूनच घेतला, जास्त पैसे मोजून.