चष्म्यावरचे ओरखडे

सून घरी साबण करते. आज गच्चीत तिने रबरी मोजे घातले, जाड चष्मा चढवला आणि स्टीलच्या पातेल्यातल्या गार पाण्यात कॉस्टिक सोडा चमच्याचमच्याने सोडू लागली. चुलीशिवाय पाणी वाफाळलं.

"बाबा, लांब बसा. पाण्यात सोडा घालायचा, सोड्यावर पाणी नाही. उसळतं."

मी खुर्ची मागे घेतली. साबणाच्या कारखान्यात मी पंचवीस वर्षं सुपरवायझर होतो.

चष्मे आमच्याकडेही होते. ओरखडे पडतात म्हणून मी ते कपाटात कुलपात ठेवी आणि तपासणीच्या दिवशीच काढी. एकदा घाईत पिंपात सोडा आधी पडला. पाण्याची बादली घेतलेला गणपत थबकला. "साहेब, उलटं झालंय."

"ओत रे, नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

पिंप उसळलं. गणपतचा उजवा डोळा गेला.

नोंदवहीत मी लिहिलं, 'कामगाराने चष्मा घातला नव्हता.' वाक्य खरं होतं. किल्ली माझ्या खिशात होती आणि पाणी ओतायला मीच लावलं, हे लिहायचं राहिलं नव्हतं, टाळलं होतं. ते आज लिहितो.

काम झाल्यावर सुनेने चष्मा काढून माझ्या हातात दिला. काचेवर पुष्कळ ओरखडे होते.