दांडखारची भांडी

दांडखार गावात लग्न ठरो की कुणी जावो, निरोप आधी मालूच्या घरी यायचा. गावकीची भांडी तिच्या ताब्यात होती. तांब्याचे बारा टोप, पराती, हंडे, पुरुषभर लांब दांड्याचे झारे असा सगळा पसारा पडवीला लागून असलेल्या खोलीत रचलेला असे. आधी सासरा हे काम बघायचा, मग नवरा. नवरा काविळीने गेला तेव्हा मालू तिशीतली होती. चावी कुणाकडे द्यायची यावर गावकी बसली आणि ती तिच्याकडेच राहू दिली.

घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने एक भांडं गावाला द्यायचं, अशी रीत होती. पनवेलच्या बाजारात कासाराकडून त्यावर ठिपक्यांनी नाव घालून आणायचं. मालूला वाचता जेमतेम येई, पण कुठलं भांडं कुणाचं हे ती नुसता हात लावून सांगे. सगळ्यात मोठा टोप पाण्यात बुडालेल्या दोघा भावांचा होता. काठाला पोचा पडलेला टोप पहिल्याच बाळंतपणात गेलेल्या सुनेचा.

मालू नवी नवरी असताना एका अमावास्येच्या भरतीला खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं असतं तर पुढची तीन वर्षं भात पिकला नसता. तेव्हा काशिराम नावाच्या तिशीच्या गड्याने स्वतःच्या घराचं दार उखडलं, ते खांद्यावर टाकून तो बांधावर गेला आणि फुटलेल्या जागी आडवं धरून छातीभर पाण्यात उभा राहिला. ते बघून घराघरांतली दारं निघाली. दोन दिवस अख्खं गाव चिखल वाहत होतं. मालूने त्याच मोठ्या टोपात पेज शिजवून बांधावर नेली होती. आठ दिवस गावातल्या एकाही घराला दार नव्हतं.

मग विमानतळ आला. शेतं गेली, खाडीत भराव पडला, आणि घरं सोडायची वेळ आली तेव्हा गावाचे दोन तुकडे झाले. काहींनी संमतीच्या कागदांवर लवकर सह्या केल्या आणि मिळालेल्या प्लॉटांवर घरं बांधली. त्यांत काशिरामची मुलं होती. आता म्हातारा झालेला काशिरामही त्यांच्याबरोबर राहायला गेला. बाकीचे कमलाकरच्या मागे अडून बसले. कमलाकर गावकीचा अध्यक्ष, बोलायला कडक. त्याने बैठक घेतली. सह्या करणारे फुटीर. त्यांच्याकडे जायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही, गावकीची भांडी द्यायची नाहीत, असं ठरलं. मालूनेही हात वर केला होता.

दोन वर्षांनी अडून बसलेल्यांनाही उठावं लागलं. त्यांना दुसरीकडे, रस्त्याच्या पलीकडे प्लॉट मिळाले. आता दोन्ही वस्त्यांमध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर होतं, पण ठराव तसाच राहिला. मालूने भांडी नव्या घराच्या जिन्याखाली रचली.

गेल्या वर्षी काशिराम गेला. चौथ्या दिवशी त्याची सून भाविका भर दुपारी मालूच्या दारात आली. ही वस्ती वसल्यापासून ती इथे पहिल्यांदाच पाऊल टाकत होती.

"काकी, मंडपवाल्याची भांडी मिलतील," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "पण म्हातारा शेवटी एकच बोलत व्हता. माजा बारावा गावच्या भांड्यांत करा."

"तुला ठराव ठावा हाय ना?"

"हाय. म्हनून तर मी आले. बाप्यांना पाठवला असता तर भांडान झाला असता."

मालूने तिला पाणी दिलं आणि उद्या सांगते म्हणून परत पाठवलं. उद्यापर्यंत तिला थांबवलं नाही. संध्याकाळी तिने स्वतःच निरोप धाडला: टेम्पो घेऊन ये.

दिवसाउजेडी भांडी टेम्पोत चढली. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं मालूला वाटत नव्हतं. ती बाराव्याला गेली नाही. तेवढा ठराव तिने पाळला.

भांडी घासून परत आली त्याच रविवारी गावकी बसली.

"मालूवयनी, ठराव तुमी मोडलात," कमलाकर म्हणाला.

"मोडला."

"कुनाला इचारून?"

"बांध फुटला तवा काशिरामने कुनाला इचारला व्हता?"

 तेव्हा आपापली दारं बांधावर नेणाऱ्यांपैकी चार-पाच जण तिथे बसले होते, पण एकाचीही मान वर झाली नाही. कमलाकरने हात पुढे केला. मालूने कमरेची चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. भांडी समाजमंदिराच्या मागच्या खोलीत हलवली गेली.

चावीचं तिला इतकं वाटलं नाही. खरा घाव दुसरीकडे बसला. तिचा मुलगा प्रणित याचं नाव विमानतळावरच्या कामासाठी गावकीने दिलेल्या यादीत होतं. नवी यादी आली, त्यात ते नव्हतं.

"मेलेल्या मानसाला काय कललं, भांडी कोनची?" प्रणित म्हणाला. "मी जिवंत हाय ना?"

 तो पनवेलच्या स्टँडवर दुसऱ्याची रिक्षा चालवू लागला. दोन महिने आईशी बोलला नाही. ताट वाढलं की जेवायचा आणि उठायचा. वस्तीतल्या हळदींना मालूला बोलावणं येईना. भाविकाने नवरात्रात त्यांच्या वस्तीने वेगळ्या बसवलेल्या गावदेवीला बोलावलं, पण मालू गेली नाही. "एका देवीच्या दोन केल्यात," ती म्हणाली, "मी कुठल्या पाया पडू?"

माघात कमलाकरच्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या आदल्या दिवशी कमलाकरची बायको द्वारका मागच्या दाराने आली. मोठ्या टोपात भात लावायचा होता, सातशे पानं होती, आणि वस्तीत मालूशिवाय तो टोप कधी कुणी चढवलेला नव्हता.

द्वारका भिंतीकडे बघत म्हणाली, "तुमाला बोलवता नाय येत, वयनी. पन..."

मालूने तिला बसवलं. तांदूळ किती, पाणी किती बोटं, जाळ केव्हा कडेला ओढायचा, झाकणावर निखारे किती, सगळं दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून म्हणून घेतलं.

द्वारका गेल्यावर प्रणित आतून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. "माजा काम काढला त्यांनी, आनि तू त्यांना भात शिकवतेस?"

"कच्चा भात वाढला असता तर पावने काय बोलले असते?" मालू म्हणाली. "दांडखारवाल्यांना रांधता येत नाय, असा बोलले असते. कमलाकरचा नाव कोन घेतो?"

प्रणित रागानेच रिक्षा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हळदीचे स्पीकर सकाळपासून वाजत होते. मालूने दार लोटून घेतलं आणि घरातल्या दोघांपुरता भात चढवला. दुपारी प्रणित जेवायला आला नाही. ती चारपर्यंत त्याच्यासाठी थांबली, मग एकटीच जेवली.