हिराकाकीचे कावळे

हिराकाकी कावळ्यांना शिव्या द्यायची आणि त्या ऐकायच्या नादात माझी शाळा बुडायची. माहेर सातपाटीचं, त्यामुळे आवाज होडीतून किनाऱ्यावर पोचेल असा. अंगणात बोंबील वाळत घातले की काठी घेऊन सुरू, "अरे मुडद्या, तुला काय घरजावई केलाय? चल, हो बाजूला!" मी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोरच तिची नक्कल करायचो. ती खो खो हसायची. "एवडा माझ्यासारका बोलतंस, तर माझी पाटी पन उचल. चल सरावलीला." सरावलीच्या चाळींत ती सुकी मासळी विकायची.

मग बोईसरकडचा सगळा कचरा आमच्या गावामागच्या माळावर पडायला लागला. कचऱ्याचा डोंगर वाढला, तसे अंगणातले कावळे कमी झाले. तिकडे त्यांना आयती बिर्याणी, केक, लग्नातल्या पुऱ्या. काकी काठी मांडीवर घेऊन नुसती बसायची. "मेले श्रीमंत झाले," म्हणायची. आम्ही हसायचो.

तिचा नवरा, पांडूकाका गेला, तेव्हा दहाव्याला ते हसू गेलं. खाडीकाठी पिंड मांडला, शेजारी काकाची विडी ठेवली. ऊन चढलं. समोर डोंगरावर कावळ्यांचे थवेच्या थवे फिरत होते, पण एक इकडे येईल तर शपथ. शेवटी भटजींनी रीतीप्रमाणे दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. काकी जागची उठली.

"गवताचा कावला मी मानत नाय. माझा मानूस अजून वाटेवरच हाय."

त्या दिवसापासून तिने दाराला कडी लावली नाही. जेवताना ती मधेच हात थांबवायची. "खोकला ऐकलास? पडवीत हाय तो. आत ये म्हनते, तर येत नाय." मी कुणाचाही आवाज काढतो, पण काकाचा खोकला तिथे बसून कधी काढला नाही. आणि खरं सांगतो, एकदोनदा मलाही तो ऐकू आला.

पुढे कचऱ्याच्या कामाचे मोठे साहेब गावात आले. गाव कचरा सोसतंय, तर बदल्यात काय हवं ते सांगा, म्हणाले. सरपंचांनी पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि मोठा दिवा मागितला. साहेब मान डोलवत होते. मागून काकी उठली.

"साहेब, मला एकच द्या. गावात कुनाचा दहावा असंल, त्या दिवशी गाड्या आनू नका. ढीग कायतरी टाकून झाका. कावले उपाशी रावले पायजेत."

साहेब नाकातून हसले. "आजी, असली भरपाई कुठल्याच योजनेत बसत नाही हो."

"मंग आमचे मेलेले कुटं बसवू?" काकीने विचारलं.

तेव्हा साहेबांना चहा आठवला.

जिम आली. काकीने तिच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातले. व्यायाम करणारी पोरं नाक दाबून पळाली. कावळा मात्र एकही आला नाही.

काकाच्या वर्षश्राद्धाला तिने पानावर भात वाढला आणि थेट डोंगराची वाट धरली. मी मागे. प्लास्टिकवरून घसरत, माशा हाकलत वर गेलो. तिने पान खाली ठेवलं न ठेवलं, तोच कावळ्यांची झुंबड उडाली. भात गेला, पानाच्याही चिंध्या झाल्या. मी खुशीत म्हटलं, "काकी, आला ना काका!"

ती त्या सगळ्या काळ्या पंखांकडे बघत राहिली.

"सगलेच आले रे. त्यातला माझा कोनता?"

दाराला कडी त्यानंतरही लागली नाही. यंदा पाऊस सरल्यावर ती गेली, तेव्हाही दार उघडंच होतं.

तिच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी आम्ही पोरांनी घराघरातून जुनी जाळी गोळा केली आणि ताज्या कचऱ्यावर पसरली. तिच्या माहेरहूनही टेम्पो भरून जाळी आली. सकाळी खाडीकडेच्या रस्त्यावर गाव आडवं बसलं. कचऱ्याच्या गाड्या रांगेत थांबल्या.

तिथेच काठावर पिंड मांडला. बऱ्याच वेळाने एक कावळा आला आणि हातभर अंतरावर बसला.

तिचा मुलगा दिनेश हात जोडून म्हणाला, "आई, घर सोडून जानार नाय मी." कावळा हलला नाही.

सरपंच पुढे झाले. "हिराबाय, डम्पिंग हलवतो. शब्द हाय माझा." कावळ्याने मान वाकडी केली आणि दोन उड्या मारून मागे सरकला. एरवी मी हसून फुटलो असतो. त्या दिवशी मीही हात जोडले.

"भाई, और कितना टाइम लगेगा?" पहिल्या गाडीचा ड्रायव्हर ओरडला. कावळा उडाला आणि डोंगरापलीकडे गेला.

भटजींनी घड्याळ पाहिलं. दिनेश म्हणाला, "नाय. थांबू."

मागे हॉर्न वाजायला लागले, एकापाठोपाठ एक. आम्ही कुणीच उठलो नाही.