शिवणीत गेलेला हात

काजवाली मावशी आमच्या गल्लीत शर्टांची काजं करते. तिच्या बापाला अख्खा कारखाना ‘दगड्या’ म्हणायचा. संपात साहेबाच्या खिडकीवर दगड त्यानेच मारला. वर्तमानपत्रात फोटोच आला होता ना! साहेबाने विचारलं तेव्हा त्याने नुसती मान डोलावली, आणि नोकरी गेली. त्याने कधी तोंड उघडलं नाही, आणि तसाच गेला. आता आमची कामगार संघटना त्या संपाच्या आठवणीचा फलक लावणार होती, वर तोच फोटो. मी खूश. मावशी मात्र तणतणत आली.

“माझा बाप मुंगी मारायचा नाही गं! नीट शोधल्याशिवाय फलक लावलास ना, तर मीच उपटीन.”

शोधायला बसलो. मोबाईलवर संपाचं नाव टाकलं की जिथे-तिथे तोच फोटो : उगारलेली मूठ, मुठीवर डोकावणारा दगड. याने त्याचा उचललेला, त्याने तिसऱ्याचा. मूळ कुठलं ते कुणीच लिहिलेलं नाही. शेवटी मोठ्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर वर्तमानपत्राचं अख्खं पान सापडलं, तारखेसकट. मावशीने ते बोटांनी मोठं केलं.

“ओळी मध्येच तुटल्यात बघ. पानाची कड बांधणीच्या शिवणीत गेलीय.”

ग्रंथालयात ग्रंथपाल बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. “ते ऑनलाइन आहे. मूळ अंक मिळणार नाही.”

“ऑनलाइन अर्धंच आहे!” मी टेबलावर हात आपटला. शेजारचे वाचक दचकले.

बाईंनी वर्षभराचे अंक एकत्र शिवलेला गठ्ठा आणला, पान उघडलं आणि त्यांचाच चेहरा उतरला. स्कॅन करणाऱ्यांनी बांधणी न उसवता पानं काचेवर तशीच दाबली होती. म्हणजे इतकी वर्षं लोक अर्ध्या पानावरून इतिहास लिहीत होते!

बाईंनी गुपचूप कात्री आणली, टाका उसवला. पान सपाट झालं.

बापाच्या मुठीत दगड नव्हताच. मुठीत एका बाईचं मनगट होतं. तो तिला मागे खेचत होता. दगड तिच्या हातात.

मावशीने त्या बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“कोण गं ती?”

“आई. माझी आई!”

ही बाई पुढे त्याच कारखान्यात राबली, तिच्या पगारावर घर चाललं. आणि नवऱ्याला उठता-बसता सुनावायची, तुझ्या दगडाने वाटोळं केलं!

“बाबा जेवता जेवता ऐकायचे,” मावशी म्हणाली. “नुसतं हूं म्हणायचे.”

“फलकावर लिहू, ते निर्दोष होते.”

“आणि आई? तिला परत शिवणीत घालायचं?” तिने पदराने तोंड पुसलं. “पूर्ण फोटो लाव. बाबांनी झाकलं तेवढं पुरे. दगड तिचा, तर नावही तिचंच टाक.”

ग्रंथपाल बाई टाका परत घालायला सुई ओवायला लागल्या, तशी मावशीने ती हातातून ओढूनच घेतली.

“द्या इकडे. तुमचे टाके फार घट्ट असतात.”