मांडवातून उठून गेलेल्यांची आत्या

सकाळी साडेसहाला शोभाचा फोन आला. "भाऊ, आई गेली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या अर्ध्या तोंडाला दाढीचा फेस होता. खरं सांगतो, अशा वेळी माणसाला जे सुचायला पाहिजे ते मला सुचलंच नाही. पहिला प्रश्न पडला तो हा, की आता हे दादाला कोण सांगणार? दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. तो पडेगावला मळ्यात राहतो, मी पुंडलिकनगरात. मध्ये अर्ध्या तासाची वाट, आणि गेली नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नव्हतो. कुणाला नातू झाला, कुणाचं ऑपरेशन ठरलं, इकडची बातमी तिकडं न्यायची ती गयाआत्यानं. आता गयाआत्याच गेली आणि ती गेल्याची बातमी न्यायला माणूस उरलं नाही... अर्थात शोभानं मला सांगायच्या आधीच दादाला फोन केला होता. मी मात्र अर्धी दाढी तशीच ठेवून कितीतरी वेळ खुर्चीत बसून राहिलो.

गयाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर लेकीकडं, म्हणजे शोभाकडं राहायची, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. उंची पाच फूट नाही, पण हाक मारली की चौकातले रिक्षावाले वळून बघायचे. लग्नकार्यात कुणाला स्वयंपाकाला बोलावतात, कुणाला रुखवत मांडायला. गयाआत्याला बोलवायचे ते रुसलेली माणसं परत आणायला. हसू नका. आमच्याकडचं लग्न ज्यानं पाहिलंय त्याला हे काम किती जोखमीचं ते ठाऊक आहे. फेटा आधी दुसऱ्याला बांधला, पंगतीत वाढप्यानं विचारलं नाही, फोटोत उभं केलं आणि वरून म्हटलं जरा बाजूला सरका... एवढं पुरतं. माणूस मांडवातून उठतो. फार लांब जात नाही, दिसेल एवढ्याच अंतरावर जाऊन पाठ करून बसतो. मग चार वडीलधारी मंडळी हात जोडत त्याच्यामागं जातात आणि मामला आणखी चिघळवून परत येतात. त्यानंतर कुणीतरी म्हणायचं, "गयाबाईला बोलवा."

या कामाचा मुहूर्त तिनं स्वतःच्याच लग्नात केला. पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. रझाकारांच्या धास्तीनं ज्यांनी लेकींची लग्नं लांबवली होती त्यांनी सगळ्यांनी एकदमच उरकायला काढली होती, त्यामुळं भटजी मिळेना, वाजंत्री मिळेना, सगळाच गोंधळ. त्यात पहिला फेटा तिच्या सासऱ्याला बांधायचा सोडून चुलतसासऱ्याला बांधला गेला. सासरेबुवा जे उठले ते थेट विहिरीच्या कडेला जाऊन बसले. घटका भरत आली, भटजी ओरडायला लागला, माझे आजोबा पागोटं काढून त्यांच्या पायावर ठेवायला निघाले. तेवढ्यात चौदा वर्षांची नवरी मुंडावळ्यांसकट उठून विहिरीवर गेली आणि म्हणाली, "मामंजी, तुमच्या पांढऱ्या बैलानं खुटा उपटलाय. कुणालाच धरू देत नाय." म्हातारा ताडकन उठला. बैल हा त्यांचा जीव की प्राण. जाऊन बघतात तर खुटा खरंच उपटलेला आणि बैल आपला निवांत कडबा खात उभा. त्यांनी बैल बांधला, हात झटकले, आणि उभेच आहोत तर म्हणून मांडवात आले. खुटा तिनंच उपटला होता. हे सासऱ्यांना मरेपर्यंत कळलं नाही, आणि मला सांगताना ती पदर तोंडात धरून हसत होती.

"रुसल्या माणसाला समजवायचं नाय, सुभ्या," ती म्हणायची. "समजवलं की त्याला वाटतं, आपलंच बरोबर हाय. त्याला काम सांगायचं." तिचं हे शास्त्र मी स्वतःच्या डोळ्यांनी चालताना पाहिलंय. शोभाच्या नणंदेच्या लग्नात एक जावई बॅग घेऊन एसटी स्टँडवर गेले. मी तेव्हा नुकताच पाटबंधारे खात्यात कारकून लागलो होतो आणि माझ्याकडं स्कूटर होती, म्हणून आत्याला मागं बसवून मीच नेलं. जावई दौलताबादच्या गाडीत खिडकीशी बसलेले. आत्या चढली, त्यांच्या शेजारी बसली, लग्नाचं अवाक्षर काढलं नाही. म्हणाली, "जावईबापू, आचारी म्हणतो जिलबीचा पाक बिघडला. मी म्हटलं, आमच्या जावयाशिवाय कुणाला कळायचं नाय." जावई विचारात पडले, आणि तेवढ्यात गाडी सुटली. मी मागून हॉर्न वाजवत स्कूटरवर, पुढं एसटीच्या खिडकीतून आत्याचा हात. छावणीच्या पुढं कुठंतरी कंडक्टरनं दोघांना उतरवलं. येताना स्कूटरवर आम्ही तिघं, मध्ये जावई, मागं आत्या आणि तिच्या डोक्यावर जावयाची बॅग. जावयानं आल्याआल्या पाक बोटावर घेऊन बघितला आणि आचाऱ्याला असा काही झापला की तो आचारीच रुसला. त्यालाही मग आत्यानंच आणला.

एकदा एका विहीणबाईनं खोलीला आतून कडी लावून घेतली. आत्यानं दार वाजवलंसुद्धा नाही. दाराबाहेर पाय पसरून बसली, तोंडात मिसरी धरली आणि शेजारच्या बाईला विहीणबाईंच्या माहेरची माहिती मोठ्यानं सांगायला लागली. सगळी चुकीची. त्यांचे वडील पाटील होते ते हिनं कोतवाल केले, पाच भाऊ होते ते तीनवर आणले. चौथा भाऊ उडवायच्या आत दार उघडलं आणि विहीणबाई गरजल्या, "काही पण सांगू नका हो!" त्यानंतर त्या दोघींची जी मैत्री जमली ती शेवटपर्यंत. आत्याच्या दहाव्याला विहीणबाई ऐंशी पार केलेल्या, तरी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांना रडताना बघून मला पहिल्यांदा रडू आलं.

आता माझ्यावर येतो. माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात टाकली. आमच्याकडची पत्रिका म्हणजे मतदारयादीच. दादाचं नाव निमंत्रकांच्या गर्दीत होतं. मला वाटलं, वडिलांच्या जागी असलेला माणूस, त्याचं नाव वर, वेगळं, मोठ्या टायपात पाहिजे. मी छापखानेवाल्याला म्हणालो, हे खालून काढ आणि वर घे. त्यानं खालून काढलं. वर घ्यायचं राहिलं. पुरूफ आलं तेव्हा मी साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या पिशव्या दोन्ही हातांत धरून काउंटरशी उभा होतो, चष्मा घरी. पत्रिका वाटल्या गेल्या. त्यात "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी सव्वा वर्षाची पिंकी होती, शेजारच्यांचा साडू होता, फक्त माझा सख्खा भाऊ नव्हता. मी छापखान्यात जाऊन टेबल बडवलं. त्यानं शांतपणे फडताळातून पुरूफ काढलं. "साब, ये देखो, नीचे तुमारीच सही है." सही माझीच होती.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. विचारेल त्याला एकच सांगितलं, चूक छापखान्याची. दादा लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. तो दिसेल एवढ्या अंतरावर बसला नाही, सरळ पडेगावला गेला. आत्या तेव्हाच म्हणाली होती, "हे रुसणं निराळं हाय रं."

तरी तिनं हार मानली नाही. दुसऱ्याच आठवड्यात मळ्यात जाऊन दादाला म्हणाली, सुभ्याच्या बोअरची मोटार बंद पडलीय, तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाय. दादा म्हणाला, "आत्या, आता बैल सुटल्याचं सांग." माझ्याकडं येऊन म्हणाली, दादाच्या सातबाऱ्यात घोळ झालाय, तू सरकारी माणूस, जरा बघ. मी म्हटलं, आत्या, मी कालव्याच्या पाण्याचा माणूस, सातबारा तलाठी बघतो. पंचाईत अशी होती की तिच्या सगळ्या युक्त्या आम्हा दोघांना तोंडपाठ होत्या. मग तिनं निरोपांचं काम धरलं. मी तावातावानं म्हणायचो, सांग त्याला, आमच्या दोघांच्या वाटणीमधल्या बांधावरची बाभूळ माझ्या बाजूला आहे, हात लावू नकोस. ती तिकडं जाऊन सांगायची, सुभ्या इचारत होता, बाभळीखाली बसतोस का अजून? आणि तिकडून येऊन मला सांगायची, दादा तुझ्या बीपीची चौकशी करीत होता. मी म्हणायचो, खोटं बोलू नकोस. "खोटं तर खोटं. बरं वाटलं का नाय?" बरं वाटायचं. नऊ वर्षांत मला कितीदा वाटलं, जावं आणि म्हणावं, दादा, पुरूफ मीच बघितलं होतं. एवढंच तर वाक्य! पण पहिल्या महिन्यात जे सहज म्हणता आलं असतं ते पुढं पुढं जिभेवर येईना. खोटं बोलून वर फुगून बसलेल्या माणसानं सुरुवात कुठून करायची, सांगा.

जायच्या तीन दिवस आधी तिला भेटलो. रविवार होता. बाजेवर पडली होती, आवाज पार बसलेला, पण डोळे तेच. बसायला सांगितलं, चहा घे म्हणाली. मग म्हणाली, "सुभ्या, लोकाची किती माणसं उठवून आणली रं मी... मोजली बी नाय. पर मपल्याच घरचे दोन ठोंबे जागचे हलले नाय. हारले मी." हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तेव्हा तरी मी खरं बोलायचं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "आत्या, चूक छापखान्याची होती." तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "व्हय का," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. ते आमचं शेवटचं बोलणं. त्याची मला लाज वाटते. पेपरात लिहून ती कमी होत नाही, पण लिहितोय.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी शोभाकडं गेलो तेव्हा दादा आलेलाच होता. आत्याच्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर बसलो, एकाच पेपरची दोन पानं तोंडापुढं धरून. शोभाचे यजमान भांडी आणायला गेले होते. स्वयंपाकघरातून शोभा ओरडली, "ती बाज तेवढी बाहेर काढा कुणीतरी, पाहुण्यांना बसायला जागा नाही." कुणीतरी म्हणजे आम्हीच. दोघं उठलो. बाज जुनी, सागवानी, दार अरुंद. एरवी माणसं म्हणतात, वर घे, डावीकडं कर, थांब. आम्हाला बोलायचं नव्हतं म्हणून आम्ही हनुवट्या उडवत होतो. दादाची हनुवटी वर गेली, मला वाटलं उचल म्हणतोय. तो म्हणत होता, मागं हो. बाज दारात तिरकी अडकली. दादा बाहेर, मी आत, मध्ये पाय वर केलेली बाज. दादानं दात खाऊन एक हिसका दिला आणि माझं बोट चौकटीत सापडलं.

"दादा, बोट!"

त्यानं घाबरून बाज सोडली ती त्याच्याच पायावर पडली. "आई गं!" पण थांबला नाही. सत्तरीचा माणूस, गुडघ्याचं दुखणं, तो बाजेखालून रांगत आत आला, माझा हात हातात घेतला आणि लहानपणी घालायचा तशी बोटावर फुंकर घालायला लागला. "लई लागलं का रं? काहून बोलला नाहीस आधी?" यात आत्याचा काही हात होता असं कुणी म्हणू नका. असता, तर तिनं ती बाज नऊ वर्षांपूर्वीच उचलायला लावली असती.

बाजेखाली बसूनच मी म्हणालो, "दादा, पत्रिकेचं पुरूफ मीच बघितलं होतं. सही माझी होती."

"माहितंय," दादा म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी गुलमंडीत जाऊन बघून आलो होतो."

"मग बोलला काहून नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होतो." बोट त्यानं अजून सोडलं नव्हतं. "लई वेळ लावला तू, सुभ्या."

शोभा लाटणं घेऊन धावत आली तेव्हा दोन म्हातारे बाजेखाली बसून रडत होते, आणि बाज अजून दारातच होती. त्या दिवशी तिनं आम्हा दोघांचा चहा खिडकीतून दिला.

आज दीड महिना झाला. नख काळं पडलंय, मुळाशी नवं यायला लागलंय. परवा दादाचा फोन आला. दोन दिवसाआड येतो हल्ली. हुरडा सुरू झालाय म्हणाला, रविवारी सगळे मळ्यात या, आणि बाभळीचं काय करायचं ते समोर बसून बोलू. मी खुशीत फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. शोभानं उचलला. मी म्हणालो, "शोभा, आत्याला दे गं जरा, सांगायचंय..."

तिकडून शोभा म्हणाली, "सांग भाऊ. मी ऐकते."